अकरावीचं मूल आणि दुसऱ्याचं वर्कशॉप

अकरावी विज्ञानच्या प्रवेशाच्या दिवसांत ज्युनिअर कॉलेजच्या खिडकीवर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : बायफोकल मिळेल का? विचारणाऱ्या पालकांच्या मनात दुचाकी दुरुस्ती, वीजजोडणी किंवा मत्स्यशेती यांपैकी काहीही नसतं. त्यांना हवे असतात दोनशे गुण, आणि त्यातले निम्मे प्रात्यक्षिकाचे. हिशोब सोपा आहे. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा सुटते, बहुधा जीवशास्त्रही सुटतं, आणि त्या दोन विषयांच्या जागी शंभर-शंभर गुणांचे दोन पेपर असलेला एकच व्यवसाय विषय येतो. कम्प्युटर सायन्सला सर्वाधिक मागणी, त्याखालोखाल इलेक्ट्रॉनिक्स. बाकीच्या विषयांच्या वाट्याला उरलेले विद्यार्थी.

ही योजना अशासाठी काढलेली नव्हती. बारावीपर्यंतचं शिक्षण चालू असतानाच मुलाच्या हाताला एखादं काम लागावं, पुढे शिकायचं की कामाला लागायचं हे दोन्ही रस्ते उघडे राहावेत, हा मूळ हेतू होता. त्यासाठीची सोयही विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येक ज्युनिअर कॉलेजात लेथ, मोटारी आणि वेल्डिंगचे संच बसवणं परवडणारं नव्हतं, म्हणून शासकीय तांत्रिक विद्यालयांची वर्कशॉप्स वापरायचं ठरलं. भौतिक, रसायन, गणित आपल्या कॉलेजात. व्यवसायाचा विषय तांत्रिक विद्यालयात. आठवी ते दहावीसाठी तर हे आधीपासूनच चालू होतं. तालुक्याच्या गावातल्या दोन-चार शाळांची ‘टेक्निकल’ घेतलेली मुलं ठरलेल्या वेळी तांत्रिक विद्यालयात जायची, फायलिंग करायची, लाकडाचे सांधे जोडायची, ड्रॉइंगच्या शीटवर टी-स्क्वेअर सरकवायची आणि आपल्या शाळेत परत यायची.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 मध्ये एका केंद्राभोवती अनेक शाळा जोडण्याची कल्पना मांडली, तेव्हा ती नवी म्हणून तिचं बरंच कौतुक झालं. महाराष्ट्रात ती कल्पना सिमेंटच्या ओट्यांवर बसवलेल्या यंत्रांसह आधीच उभी होती. तेव्हा हे करता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे जुनाच झाला. करून पाहिलं तेव्हा काय झालं, हे तपासणं जास्त उपयोगाचं आहे.

कागदावरचा इतिहास थोडक्यात असा. मुदलियार आयोगाने 1952-53 मध्ये बहुउद्देशी शाळांची शिफारस केली. कोठारी आयोगाने 1964-66 मध्ये त्यापुढे जाऊन दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळावीत, असं स्वप्न पाहिलं. 1986 च्या राष्ट्रीय धोरणाने ते बरंच खाली आणलं : 1990 पर्यंत दहा टक्के, 1995 पर्यंत पंचवीस टक्के. 1992 मध्ये धोरणाचा फेरआढावा झाला, त्यात टक्के तेच राहिले आणि वर्षं प्रत्येकी पाचाने पुढे गेली. 2020 च्या धोरणाने पुन्हा पन्नास टक्क्यांचा आकडा धरला आणि मुदत दिली 2025 ची. आता मात्र त्यात फक्त व्यवसाय शिक्षणाचा परिचय मोजायचा होता. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार देशातल्या 19 ते 24 वयोगटातल्या कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले पाच टक्क्यांहून कमी होते, आणि हा आकडा त्याच धोरणाच्या मसुद्यात छापलेला आहे. कोठारींपासून मोजलं तर अर्ध्या शतकाची ही कमाई.

महाराष्ट्राने 1988-89 मध्ये आणखी एक मोठा प्रयत्न केला. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं एमसीव्हीसी. त्यात एका विषयापुरतं बाहेर जाणं नव्हतं, अकरावी-बारावीची दोन्ही वर्षंच व्यवसायाची होती. तांत्रिक, वाणिज्य, कृषी, मत्स्य, आरोग्य आणि गृहविज्ञान असे गट. भाषा आणि एक पायाभूत विषय सोडला तर बाकीचे पेपर व्यवसायाचे, जोडीला प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण. आराखडा म्हणून पाहिलं तर हे बायफोकलपेक्षा कितीतरी प्रामाणिक काम होतं. शिकाऊ उमेदवारी कायद्यातही 1986 च्या दुरुस्तीने अशा बारावी उत्तीर्णांसाठी वेगळा वर्ग केला होता, म्हणजे मुलगा बारावी झाला की एखाद्या कारखान्यात वर्षभर विद्यावेतनावर शिकू शकत होता. तांत्रिक गटाच्या मुलांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येत होतं. पुढे अभ्यासक्रमांची नावं बदलली, लॉजिस्टिक्स आणि टूरिझमसारखे विषय आले.

तरीही गावोगावी एमसीव्हीसीची ओळख झाली ती ‘कुठेच नंबर न लागलेल्यांचा वर्ग’ अशी. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका पाहून शिक्षकच सुचवायचे, याला व्होकेशनलला टाका. या ‘टाका’मध्ये सगळं आलं. दहावीला पंचेचाळीस टक्के पडलेल्या मुलाला इलेक्ट्रिशियन करायचं आणि नव्वदवाल्याला इलेक्ट्रॉनिक्सचे दोनशे गुण मिळवून द्यायचे, असा एकाच राज्यात, एकाच संचालनालयाच्या देखरेखीखाली दुहेरी कारभार चालला. एकाकडे वर्कशॉप होतं आणि मान नव्हता. दुसऱ्याकडे मान होता, पण त्याला वर्कशॉपची गरज नव्हती. माझं मत विचाराल तर बायफोकलचं यश ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी फसगत आहे, कारण आकडे भरलेले दिसले की दुरुस्तीची निकड कुणाला वाटत नाही. इंजिनिअरिंगच्या पात्रतेत भौतिक आणि गणितासोबत तिसरा विषय म्हणून तांत्रिक व्यवसाय विषयही चालतो, त्यामुळे ही वाट आणखी गुळगुळीत झाली. जाता जाता एक गोष्ट नोंदवायला हवी : विज्ञानाच्या हुशार मुलांचं मराठी अकरावीत सुटतं, त्याला बायफोकल आणि भाषेच्या जागी घेता येणारा माहिती तंत्रज्ञान विषय या दोघांचा हातभार मोठा आहे. मराठीच्या सभा-संमेलनांत याची चर्चा फारशी होत नाही.

गुणांचं आमिष व्यवसाय शिक्षणाला कसं वाकवतं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र इंग्लंडचं आहे. तिथे 2002 पासून चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना आठवड्यातला एखादा-दुसरा दिवस जवळच्या कॉलेजात पाठवण्याची सरकारी योजना सुरू झाली. गवंडीकाम, केशरचना, मोटार दुरुस्ती, पाकशास्त्र असे विषय. ज्यांना शाळेत रस उरलेला नव्हता त्यातली बरीच मुलं तिथे रमली. पण त्याच सुमारास शाळांची गुणवत्ता यादी लावताना काही व्यवसाय प्रमाणपत्रं जीसीएसई या तिथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या चार-चार विषयांच्या बरोबरीची धरली जाऊ लागली. मग मुख्याध्यापकांनी जे करायचं तेच केलं : मुलाला काय उपयोगी पडेल यापेक्षा यादीत शाळा कुठे चढेल, ते पाहिलं. प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांनी मार्च 2011 मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात सरळ लिहिलं की सोळा ते एकोणीस वयोगटातल्या किमान साडेतीन लाख तरुणांना या व्यवस्थेतून फारसं काही मिळत नाही. पुढच्या वर्षी सरकारने शाळांच्या यादीत धरल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची संख्या 3,175 वरून 125 वर आणली. या अहवालातली दुसरी शिफारस आपल्याकडे कमी माहीत आहे, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. कॉलेजात शिकवण्याची अर्हता असलेल्या शिक्षकाला शाळेतही पूर्ण शिक्षक म्हणून मान्यता द्यावी, असं त्यांनी सुचवलं आणि ते अंमलातही आलं. वीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस शाळेच्या हजेरीपटावर ‘पाहुणा’ राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातला प्रयोग आपल्या बायफोकलच्या सगळ्यांत जवळचा आहे. तिथल्या बारावीलाही एचएससीच म्हणतात. अकरावी-बारावीची मुलं आपल्या शाळेतून आठवड्याच्या ठरलेल्या वेळी टेफ या सरकारी व्यवसाय महाविद्यालयात जातात आणि बांधकाम, आदरातिथ्य, मोटार, वीजकाम, शेती यांपैकी एखादा विषय घेतात. त्यातून त्यांना बारावीचे श्रेयांक मिळतात आणि उद्योगात चालणारं राष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळतं. मला यात तीन गोष्टी लक्षणीय वाटतात. पहिली म्हणजे दोन वर्षांच्या 240 तासांच्या अभ्यासक्रमात साधारणपणे 70 तास खऱ्या कामाच्या जागी घालवणं सक्तीचं आहे. ते झाले नाहीत तर अभ्यासक्रम पूर्ण धरला जात नाही. दुसरी, मालक शोधण्याचं काम मुलावर किंवा एकट्या शिक्षकावर सोडलेलं नाही. मुलं आणि कामाच्या जागा जुळवण्यासाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या स्थानिक संस्था आहेत. तिसरी, लेखी परीक्षा ऐच्छिक आहे. विद्यापीठात जायचं असेल आणि हा विषय प्रवेशाच्या गुणांकात धरायचा असेल तरच ती द्यायची. ज्याला सुतार व्हायचं आहे त्याने सुतारकामावर तीन तासांचा पेपर लिहिलाच पाहिजे, असा हट्ट नाही. अडचणी तिथेही आहेत. मूल टेफला गेलं की शाळेतले इतर तास बुडतात, ते भरून काढणं त्याच्यावरच येतं, आणि विद्यापीठाच्या प्रवेशात अशा विषयांना अनेक वर्षं दुय्यम मानलं गेलं.

हाँगकाँगने 2009 च्या नव्या उच्च माध्यमिक रचनेत वेगळा उपाय केला. बाहेरच्या संस्थांनी चालवायचे 180 तासांचे उपयोजित अभ्यासक्रम, पुष्कळदा शनिवारी. निकालात गुण नाहीत. सुरुवातीला ‘साध्य’ किंवा ‘विशेष प्रावीण्यासह साध्य’, एवढंच. त्यामुळे गुणांची स्पर्धा शिरायला जागा कमी राहते. पण ज्या समाजात प्रत्येक गुण मोजला जातो, तिथे गुण नसलेला विषय कितीजण घेतील हा प्रश्न त्याच्या मागेच येतो. जर्मनीचं नाव अशा चर्चेत नेहमी निघतं आणि मला ते नेहमी थोडं अस्थानी वाटतं. तिथलं मूल आधी कंपनीशी करार करतं, आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत काढतं, परीक्षा व्यापार-उद्योग मंडळं घेतात. म्हणजे मूल कंपनीचं असतं आणि शाळा बाहेरची असते. आपल्याकडे नेमकं उलट आहे.

आपल्याकडे प्रत्यक्ष व्यवहारात ही व्यवस्था अडते ती वेळापत्रकाशी. ज्युनिअर कॉलेज सकाळी सात ते बारा, तांत्रिक विद्यालय दुपारी. मध्ये दीड तासाचा प्रवास, आणि गावची शेवटची एसटी साडेपाचची. मुलींना एसटीचा मोफत पास असतो, पण तो घर ते शाळा या मार्गाचा. तिसऱ्या ठिकाणी जायचं तर तिकीट वेगळं आणि घरची परवानगीही वेगळी. मुलीने मोटार दुरुस्ती घ्यावी का, या वादाच्या आधी ती तिथून किती वाजता परत येईल, हा प्रश्न निकाली निघतो आणि बहुतेक वेळा विषयाची निवडही तिथेच ठरते. धोरणाच्या कागदांत याला ‘उपलब्धता’ म्हणतात. एसटी स्टँडवर त्याला शेवटची गाडी म्हणतात.

मग हजेरी. मूल दुपारी वर्कशॉपला पोचलं नाही तर कॉलेजला कधी कळतं? अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, जर्नलवर सही हवी असते तेव्हा. यामागे आळसापेक्षा रचनेचा दोष जास्त आहे. ज्युनिअर कॉलेज आणि परीक्षा मंडळ शालेय शिक्षण विभागाच्या हाताखाली. व्यवसाय अभ्यासक्रम, तांत्रिक विद्यालयं आणि आयटीआय ज्या संचालनालयाकडे आहेत, ते कौशल्य विकास विभागात. पॉलिटेक्निक तिसऱ्याच म्हणजे उच्च व तंत्रशिक्षण विभागात. एका मुलाचा दिवस दोन खात्यांत विभागलेला असतो आणि त्याचा अख्खा दिवस एकाही खात्याच्या वहीत नसतो. वर्कशॉपचा निदेशक त्या मुलाला नावाने ओळखतो, पण त्याच्या वर्गशिक्षकाशी त्याची वर्षभरात एकदाही भेट झालेली नसते. ग्राइंडरवर बोट कापलं तर पहिला फोन कुणी कुणाला करायचा, हे लिहिलेलं नसतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही बारीक गोष्ट नाही. बालमजुरी कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक प्रक्रियांत कामाला लावता येत नाही. त्यामुळे कामावरच्या प्रशिक्षणासाठी जागा शोधणाऱ्या शिक्षकाला कारखान्याच्या फाटकावर पहिलं उत्तर ‘अठरा झाल्यावर पाठवा’ असं मिळतं, आणि ते अगदीच चुकीचं नसतं. शेवटी ओळखीच्या दुकानदाराकडून प्रमाणपत्रावर शिक्का मिळवण्यात प्रशिक्षण उरकतं.

अलीकडच्या वर्षांत समग्र शिक्षा योजनेखाली नववीपासून शाळेतच ऑटोमोबाइल, रिटेल, ब्युटी, आरोग्यसेवा असे विषय आले. इथे बाहेर जाण्याचा प्रश्न मिटला, कारण बाहेरचा माणूसच आत आला. प्रशिक्षक खासगी संस्थांमार्फत, कंत्राटावर. त्याचं मानधन कोण देणार आणि कधी, यावर त्या विषयाचं भवितव्य ठरतं. एका खोलीत मावेल एवढंच साहित्य असल्यामुळे ऑटोमोबाइलचा विषय चालू गाडीपेक्षा भिंतीवरच्या तक्त्यांवर जास्त चालतो. मुलींच्या वाट्याला ब्युटी आणि मुलांच्या वाट्याला ऑटो ही वाटणीही कुणी लेखी हुकूम न काढता पक्की झाली. गोव्यात उच्च माध्यमिकच्या निकालात कला, वाणिज्य, विज्ञान यांच्या पंक्तीला व्यवसाय शाखा वेगळी दाखवतात. निदान तिचं नाव दरवर्षी निकालाच्या बातमीत तरी येतं.

आपल्या चर्चेत एक विरोधाभास कुणी उघड बोलत नाही. अकरावी-बारावीच्या मुलाला कॉलेजबाहेर दुसऱ्या संस्थेत पाठवणं महाराष्ट्राला मुळीच अवघड जात नाही. ती दुसरी संस्था म्हणजे क्लास असेल तर सगळं सुरळीत होतं. ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली कॉलेज आणि क्लास करार करतात, मूल दिवसभर क्लासमध्ये बसतं आणि हजेरी कॉलेजात लागते. हे इतकं वाढलं की 2018 मध्ये सरकारला ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. त्या व्यवस्थेत वेळापत्रक जुळतं, बस येते, पालक फी भरतात, रोजच्या हजेरीचा मेसेज घरी जातो. म्हणजे वेळ, वाहन आणि जबाबदारी हे तिन्ही प्रश्न सुटण्यासारखे आहेत. जिथे पालकांना फळ दिसतं, तिथे ते सुटतात. वर्कशॉपच्या बाबतीत फळ काय, हे त्यांना अजून कुणी दाखवलेलं नाही. आणि शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनाचा आकडा दाखवला, तर ते अकरावीच्या क्लासची फी आठवून हसतील.

याच राज्यात उलट बाजूने केलेला एक प्रयोगही आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीत संशोधन केलेला हा माणूस दुष्काळी गावात जाऊन राहिला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत आठवड्याला एक दिवस शिकवला गेला, आणि त्याला राज्य मंडळाची मान्यताही मिळाली. त्यात मुलाने एकच धंदा निवडायचा नसतो. वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, माती-पाण्याची तपासणी, रोपवाटिका, जनावरं, स्वयंपाक आणि आरोग्याच्या चाचण्या हे सगळं मुलगे आणि मुली दोघेही करतात, आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडतं. शिकवणारे बहुधा गावातलेच कारागीर. गावात कुणाच्या गोठ्याचं फाटक बसवायचं तर शाळेला ऑर्डर मिळते, आणि फाटक नीट लागत नसेल तर गिऱ्हाईक परत येऊन बोलतं. परीक्षकाच्या सहीपेक्षा ही तपासणी कडक असते. कलबाग 2003 मध्ये गेले, काम चालू आहे.

पाबळचं मोठेपण मान्य करूनही एक मर्यादा सांगावी लागेल. हा आठवी ते दहावीचा विषय आहे. अकरावीला मूल शहरात जातं, तिथे कॉलेज वेगळं आणि फाटक बनवून घेणारं गाव मागे राहिलेलं. म्हणजे ज्या वयात हात खरा तयार व्हायचा, नेमकी तीच दोन वर्षं मोकळी जातात. तिथे बाहेरच्या संस्थेला पर्याय नाही, आणि महाराष्ट्रात तशी संस्था नवी उभारायचीही गरज नाही. चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत, त्यांत यंत्रं आहेत, निदेशक आहेत. आयटीआय केलेल्या मुलाला काही भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता मिळते, म्हणजे आयटीआयकडून मंडळाकडे यायचा पूल बांधलेला आहे. मंडळाकडून आयटीआयकडे आठवड्यातले सहा तास जायचा पूल मात्र नाही.

तो बांधायचा झाला तर सुरुवात अभ्यासक्रमापासून करू नये, असं मला वाटतं. अभ्यासक्रम आपण चांगले लिहितो, एमसीव्हीसीचेही चांगले होते. आधी एका तालुक्यातल्या सगळ्या ज्युनिअर कॉलेजांनी आठवड्यातली एक दुपार एकाच वेळी मोकळी ठेवावी. त्या दुपारची हजेरी आयटीआयने घ्यावी आणि त्याच संध्याकाळी कॉलेजला कळवावी. एसटीच्या पासावर दुसरं गाव लिहायची सोय करावी. विषय बारावीच्या गुणांत धरायचा की नाही, हा वाद दोन वर्षं बाजूला ठेवावा. गुण आले की पहिल्यांदा कोण येईल ते बायफोकलने दाखवलेलंच आहे. आणि नव्वद टक्केवाल्या मुलीलाही तिथे जाता यावं. पुढे इंजिनिअर होणाऱ्या मुलीने सतराव्या वर्षी एक मोटार स्वतः गुंडाळलेली असली, तर नुकसान कुणाचंच नाही. हे करायला तीन खात्यांच्या सचिवांना एका टेबलाशी बसावं लागेल. एखाद्या तालुक्यातले प्राचार्य, आयटीआयचे प्राचार्य आणि आगारप्रमुख हे तिघे बसले तरी निम्मं काम होईल, आणि त्यांना त्यासाठी मंत्रालयात जावं लागणार नाही.